पाहुण्याचं अंथरूण : प्रस्तावना

वैशाखातली रात्र होती. परतूरहून आलेल्या शेवटच्या जीपमधून एक वयस्कर कीर्तनकार आमच्या दारात उतरले. सकाळी त्यांना जांब समर्थला जायचं होतं. चार नंबरची खोली उघडून दिली आणि पाण्याचा तांब्या घेऊन मी परत गेलो, तेव्हा ते पलंगावर स्वतःचं उपरणं अंथरत होते. खाली आमची मरून रंगाची, मोठ्या फुलांची चादर, तिच्यावर त्यांचं पांढरं धुवट उपरणं, आणि उशीवर घडी घातलेला पंचा. मी म्हणालो, "महाराज, चादर आज दुपारीच बदललीय." ते अगदी मऊपणे म्हणाले, "बदलली असेल बाळा. पण मला कसं कळावं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. चादर खरंच धुतलेली होती. पण धुतलेली आणि न धुतलेली चादर सारखीच दिसावी, म्हणूनच तर मी तो रंग निवडला होता. माल विकणाऱ्यानंही तेच सांगितलं होतं, की गडद घ्या, मळखाऊ घ्या, दोन दिवस जास्त चालते. मळखाऊ हा शब्द आपण कपड्याचं कौतुक म्हणून वापरतो. पाहुण्याच्या बाजूनं तो शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला.

ही पुस्तिका त्या प्रश्नातून निघाली आहे. पाच ते पंधरा खोल्यांचं लॉज, गावातलं भक्त निवास, मळ्यातल्या दोन खोल्यांचं कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्यांसाठी ती आहे. हॉटेल व्यवसायाच्या मोठ्या पुस्तकांत चादरींवर प्रकरणं असतात, पण तिथं गरम पाण्याची लाँड्री, कपडे वाळवायचं यंत्र आणि चोवीस तास नळ गृहीत धरलेला असतो. आमच्याकडे बोअरचं पाणी, एक मशीन, एक धुणारी मावशी आणि गच्चीवरच्या तारा. त्यामुळे चादर निवडण्याची सुरुवात आम्हाला दुसऱ्या टोकाकडून करावी लागते. आधी पाणी बघायचं, मग धुणं, मग झोपणारा माणूस आणि सगळ्यात शेवटी दुकान.

आष्टी हे परतूर तालुक्यातलं, माजलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. इथं फिरायला म्हणून कुणी येत नाही, कामाला येतात. जालना हे बियाण्यांचं शहर, १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको तिथंच सुरू केली. त्यामुळे जून तोंडावर आला की बियाणे कंपन्यांची पोरं मोटारसायकलवर हिंडत असतात आणि रात्री मुक्कामाला येतात. दिवाळीनंतर कापसाचे व्यापारी. अधूनमधून रस्त्याच्या कामावरचे इंजिनिअर, बँकेचे तपासनीस, बदलून आलेले शिक्षक. लग्नसराईत वऱ्हाड. शेगावहून पंढरपूरकडे किंवा उलट निघालेली कुटुंबं, आणि समर्थ रामदासांचं जन्मगाव बघायला आलेली भाविक मंडळी. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे आल्या आल्या माणूस पाठ टेकतो. दिवसभराच्या उन्हानं आणि धुळीनं शिणलेला माणूस भिंतीचा रंग बघत नाही, खिडकीबाहेर काय दिसतं ते बघत नाही. त्याच्या अंगाला लागते ती चादर. लॉजमधली दुसरी कुठलीच वस्तू पाहुण्याच्या इतकी जवळ जात नाही.

आपल्या भागाला कापड नवीन नाही. पहिल्या शतकातल्या, ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रव्यापाराच्या वृत्तांतात पैठण आणि तगर यांची नावं येतात. तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरच्या या गावातून साधं कापड आणि मलमल भडोचच्या बंदराकडे जात असे, असं त्यात नोंदलेलं आहे. पैठणीचं नाव सगळे घेतात. मला त्या नोंदीतला साध्या कापडाचा उल्लेख जास्त जवळचा वाटतो. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाड सुती कापड. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या संतकवीनं सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पासोडीवर आख्खा ग्रंथ लिहून काढला. कापूस जपला तर किती टिकतो, हे समजायला यापेक्षा मोठा दाखला लागत नाही. आज मात्र परतूर-मंठ्याच्या काळ्या रानात पिकलेला कापूस गाठी होऊन बाहेर जातो आणि इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर असा कुठून कुठून फिरून चादर म्हणून आपल्याच बाजारात येतो. त्या फेऱ्यात त्याच्यात पॉलिस्टर किती मिसळलं, हे चादरीवर छापलेलं असतंच असं नाही.

लॉजमध्ये मालकानं चादर द्यायची, ही चाल फार जुनी नाही. पूर्वीचा प्रवासी वळकटी घेऊन निघायचा. सतरंजी, वाकळ, पांघरूण, सगळं काखोटीला मारलेलं. बरा पगारदार असला तर होल्डॉल. धर्मशाळा ओसरी द्यायची, पाणी द्यायची, चुलीला जागा द्यायची. अंथरूण ज्याचं त्याचं. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड रेल्वे सुरू झाली आणि परतूर त्या मार्गावर आलं, तरी पुढच्या कितीतरी वर्षांत गाडीतून उतरणाऱ्या माणसाच्या खांद्यावर वळकटी असायचीच. आपल्या अंथरुणात कोण झोपलं होतं, ते कधी धुतलं, हे त्या माणसाला ठाऊक असायचं. पुढे बॅगा लहान झाल्या, वळकटी गेली, आणि तिच्याबरोबर ती माहितीही गेली. ती आता आमच्याकडे आली. कीर्तनकार महाराजांनी उपरणं अंथरलं, म्हणजे त्यांनी त्यांच्यापुरती वळकटी परत सोडली होती.

हे लिहिताना गाडगेबाबांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. डेबूजी झिंगराजी जानोरकर. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गावं झाडणाऱ्या बाबांना महाराष्ट्र ओळखतो. पण दुसऱ्याचे कपडे धुणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या या माणसानं पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी वाटसरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, या दोन गोष्टी एकत्र ठेवून आपण फारसं बघत नाही. मुक्काम आणि धुणं ही दोन कामं मुळात वेगळी नाहीत. आपल्याच वाटेवरच्या शेगावच्या संस्थानात सेवेकरी ज्या निगुतीनं भक्त निवास स्वच्छ ठेवतात, ते बघितलेला माणूस आष्टीत येऊन आमच्या पलंगाकडे त्याच नजरेनं बघतो. त्यानं तसंच बघावं.

तर मुख्य प्रश्न रंगाचा. या पुस्तिकेत मी सरळ सांगितलं आहे, की पांढरी घ्या. पांढरी नकोच असेल तर इतकी फिकी घ्या की तिच्यावर चहाचा एक थेंब पडला तरी दारातून दिसावा.

याला विरोध करणारे सगळे माझे व्यवसायबंधू आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. काळ्या मातीची धूळ, उशीला लागणारं खोबरेल, वऱ्हाडातली हळद, नवरीकडच्या पोरींची मेंदी, कुंकू, गुटखा. पांढऱ्या चादरीचं इथं काय होणार, हे विचारायला शहाणं व्हावं लागत नाही. मीही वर्षभर हेच म्हणत होतो. आमच्या धुणाऱ्या मावशींनी एकदा बादलीतलं पाणी दाखवलं. मरून चादर दुसऱ्यांदा खळबळून काढल्यावरचं ते पाणी गढूळ होतं. त्या म्हणाल्या, "दादा, रंगीत चादरीतला मळ डोळ्याला नाही दिसत, पाण्याला दिसतो." गडद चादरीत मळ कमी नसतो, तो फक्त उशिरा सापडतो. उशिरा सापडलेला मळ काढायला पाणी जास्त लागतं, पावडर जास्त लागते, घासणं जास्त लागतं. शिवाय गडद रंगावर डाग पडला तर त्याला ब्लीच लावता येत नाही, कारण डागाबरोबर रंगही जातो. पांढऱ्या कपड्याला निदान सगळे उपाय चालतात.

हळदीचं उदाहरण घ्या, कारण हळदीला सगळेच घाबरतात. पिवळ्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो आणि धुणारी घाबरून आणखी साबण लावते. साबणातल्या खारामुळे हळदीचा रंग बदलतो, एवढंच ते असतं. तो डाग धुऊन ओल्या अंगानं कडक उन्हात टाकायचा. हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही. दोन दिवसांत डाग फिका पडतो, आणि मार्च ते जून आष्टीत उन्हाला तोटा नाही. मेंदी मात्र हट्टी असते. तिच्यासाठी पुस्तिकेत वेगळं पान आहे आणि त्यातला अर्धा उपाय असा, की वऱ्हाड उतरणार असेल त्या दिवशी त्या खोल्यांत जुन्या चादरी घालाव्यात आणि तसं वऱ्हाडाच्या कारभाऱ्याला आधीच सांगावं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. जुनी चादरही धुतलेलीच असते.

पाण्याबद्दल जरा थांबून लिहितो, कारण आमच्या भागात इथंच सगळं अडतं. इथल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की फेस होत नाही, दह्यासारखी साय धरते. ती साय धाग्यांत बसते. पाच-सहा धुण्यांत पांढरी चादर राखाडी होते, हाताला खरबरीत लागते, आणि लोक दोष कापडाला देतात. जड पाण्यात वडीच्या साबणापेक्षा पावडर बरी, कारण डिटर्जंटची अशी साय धरत नाही. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीनचं ब्लीच जपून. लोह गंजून कापडावर पिवळट छटा बसते. नीळ दिली की ती छटा झाकली जाते, निघत नाही. सगळ्यात चांगलं पाणी वरून पडतं. १०० चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होतं. आम्ही गच्चीचा पाइप एका बंद टाकीत सोडला आहे आणि ते पाणी फक्त शेवटच्या खळबळण्यासाठी ठेवतो. पावसाच्या पाण्यात खळबळलेली चादर मऊ पडते, हे आईला कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

दुष्काळात काय करायचं? २०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्हा टँकरवर होता. पिण्याच्या पाण्याची वाट बघणाऱ्या गावात चादरी धुणं शोभत नाही, आणि न धुतलेल्या चादरीवर पाहुण्याला झोपवणंही शोभत नाही. आम्ही नऊपैकी तीन खोल्यांना कुलूप लावलं आणि राहिलेल्या सहा नीट चालवल्या. पैसा गेला. पण नऊ खोल्या चालू ठेवून एक चादर दोघांना पुरवायची, हा हिशेब मला आजही मान्य नाही. मोठ्या हॉटेलांत बाथरूमच्या आरशाखाली चिठ्ठी असते, की पाणी वाचवायचं असेल तर चादर रोज बदलायला सांगू नका. चार दिवस राहणाऱ्या पाहुण्याला हे विचारणं योग्यच आहे. आमचे बहुतेक पाहुणे एका रात्रीचे असतात. माणूस बदलला की चादर बदलायची, उशीच्या अभ्र्यासकट. यात सवलत नाही.

आता कापड. दुकानदार धाग्यांची संख्या सांगतो, आणि ती जितकी मोठी तितका भाव मोठा. एका चौरस इंचात उभे आणि आडवे मिळून किती धागे, ती ही संख्या. ४०० आणि ८०० चे आकडे ऐकून भुलू नये. पिळाच्या जोडधाग्यातला एकेक पदर वेगळा मोजूनही तो आकडा फुगवता येतो. आपल्या कामाला साध्या विणीची, १८० ते २२० धाग्यांची चादर पुरते आणि टिकते. सुताचा काउंट विचारावा. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा काउंट. म्हणजे ४० काउंटचं एक पौंड सूत ३३,६०० यार्ड लांब भरतं. आकडा वाढतो तसं सूत बारीक होत जातं. ३० ते ४० काउंट लॉजला ठीक. त्याहून बारीक सूत हाताला गोड लागतं, पण दगडावरच्या धुण्याला टिकत नाही.

सॅटिनच्या पट्ट्यांची पांढरी चादर हल्ली सगळीकडे दिसते आणि दिसायला ती खरंच देखणी असते. तिची चमक येते ती धागे लांबवर मोकळे सोडल्यामुळे. आमच्या पाहुण्यांच्या टाचा भेगाळलेल्या असतात, बायकांच्या पायांत जोडवी आणि पैंजण असतात. ते मोकळे धागे त्यात अडकतात आणि महिन्याभरात चादरीवर ओढे दिसतात. साध्या विणीत प्रत्येक धागा लगेच दुसऱ्याखाली जातो, त्याला अडकायला जागा नसते. चादर कुणाच्या पायाखाली जाणार, हे मी दुकानात विसरलो होतो, म्हणून इथं लिहिलं.

सुती की मिश्र, यावर माझं मत धुण्यामुळे दोनदा बदललं. पॉलिस्टर मिसळलेली चादर लवकर वाळते, चुरगळत नाही, इस्त्रीचा खर्च वाचतो आणि जास्त धुणी काढते. पावसाळ्यात तिचा मोह होतोच. पण कापूस हवेतली ओल आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या दिवसानंतरच्या रात्री, वीज गेलेली असताना, हा फरक पाठीला कळतो. घाम कापडात न जाता अंगाखालीच राहतो. शिवाय मिश्र चादरीवर काही महिन्यांनी बारीक गोळे धरतात. सुती कापडाचा आणखी एक गुण दगडावर धुणाऱ्यांना उपयोगाचा आहे. कापसाचा धागा ओला झाल्यावर कमजोर पडत नाही, उलट आणखी मजबूत होतो. म्हणून आमच्याकडे आता सगळ्या चादरी सुती आहेत. इस्त्री परवडत नाही तिथं चादर ओली असतानाच दोघांनी दोन टोकं धरून झटकून ताणायची, ताठ तारेवर टाकायची आणि जराशी दमट असताना घडी घालून वजनाखाली ठेवायची. पुरेशी सरळ होते. पॉलिस्टरच हवं असेल तर निदान कापूस अर्ध्याहून जास्त असू द्यावा.

दुकानात बोलण्यावर जाऊ नये. कापड दोन्ही हातांत धरून जोरात चोळावं. पांढरी पूड झडली तर वजन खळीचं आहे, सुताचं नाही. कडेचा एक धागा काढून जाळावा. कापूस कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. आणि पहिल्यांदा फक्त दोन चादरी आणाव्यात. त्या आपल्याच पाण्यात, आपल्याच मावशींच्या हातून पाच वेळा धुऊन मोजाव्यात. सुती चादर ५ टक्के आटली तर १०८ इंचांतले साडेपाच इंच जवळजवळ गेले, आणि गादीखाली खोचायला पदर उरत नाही. मग रात्री चादर गोळा होते आणि पाहुणा उघड्या गादीवर झोपतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण घरासाठी आहे. लॉजमध्ये पाय कुणाचे येतील ते आपल्याला माहीत नसतं, तेव्हा अंथरूणच मोठं घ्यावं.

किती घ्याव्यात, याचा हिशेब सोपा आहे. एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. नऊ खोल्यांना सत्तावीस चादरी आणि चोपन्न अभ्रे. पावसाळ्यात वाळायला दिवस लागतो, तेव्हा चौथा संच हवा. अभ्रे याहूनही जास्त घेतले तर बरं, तेलानं सगळ्यात आधी तेच जातात.

पांघरुणाचा प्रश्न मात्र मला बरीच वर्षं सुटत नव्हता. सोलापुरी चादरीइतकं मजबूत पांघरूण आपल्याकडे दुसरं नाही. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी निघाली, जिला लोक पुढे जुनी मिल म्हणू लागले. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांनी जॅकार्ड मागावर फुलं आणि मोर उठवले, आणि आज त्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. आमच्या प्रत्येक खोलीत ती आहे. पण ती जाड, ओली झाली की उचलवत नाही आणि वाळता वाळत नाही. दर पाहुण्यामागे धुणं शक्य नाही. रेल्वेचंही असंच आहे. तिथं अंथरायची पांढरी चादर दर वापरानंतर धुतात. ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं, असं रेल्वेमंत्र्यांनी २०२४ च्या नोव्हेंबरात संसदेत सांगितलं. आम्ही मधे एक पातळ पांढरी चादर द्यायला लागलो. एक खाली, एक वर, आणि तिच्यावर सोलापुरी. अंगाला लागतं ते दोन्हीकडून ताजं धुतलेलं असतं. धुणं वाढलं, ते मान्य. पण पाणी खर्च करायचंच तर ते इथं करावं असं मला वाटतं.

चादर कधी रद्द करायची, यावर शेवटचं प्रकरण आहे आणि ते लिहिताना आईचा हात सगळ्यात जास्त लागला. पलंगावरची चादर मध्यभागी विरते, कडा नव्यासारख्या राहतात. आई ती मधून उभी फाडते, चांगल्या कडा आत घेऊन शिवते आणि विरलेला भाग बाहेर, खोचण्याकडे टाकते. शिवण पाठीला लागते, म्हणून अशी चादर पाहुण्याला देत नाही; ती आमच्या घरात जाते. त्यानंतर चांगल्या तुकड्यांचे अभ्रे होतात. मग फरशी पुसायची फडकी. आणि जे उरतं त्याची वाकळ.

ती मरून, फुलांची चादर आता एका वाकळीच्या आतल्या थरात आहे. वरून आईचं जुनं लुगडं, कडेनं तिचे टाके. ते कीर्तनकार महाराज नंतर दोनदा येऊन गेले. दुसऱ्या खेपेला चार नंबरमध्ये पांढरी चादर होती. मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेलो, तेव्हा त्यांचं उपरणं खुंटीला टांगलेलं होतं आणि त्यांना झोप लागली होती.

आष्टी, ता. परतूर, जि. जालना